डुकराचं मटण रात्रभर मुरवल्यावर आत नेमकं काय जातं?

डुकराच्या मटणाची कुठलीही पाककृती मोबाईलवर उघडा, "रात्रभर मुरवा, म्हणजे मसाला आतपर्यंत जातो" हे वाक्य तिच्यात असतंच. गावाकडे ते निष्ठेनं पाळलंही जातं. आदल्या संध्याकाळी आलं-लसूण वाटायचं, लिंबू पिळायचं, तिखट माखायचं आणि गंज झाकून ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी ताटात वाढलेला तुकडा बाहेरून झणझणीत असतो आणि दातानं तोडला की आतून पांढरा, फिका. मग कोणी तिखटाला नावं ठेवतं, कोणी मटणवाल्याला. गावठी काळ्या डुकराऐवजी फार्मवरच्या पांढऱ्या डुकराचं, कमी चरबीचं मटण घेणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो.

खरा दोष त्या वाक्यातच आहे. रात्रभर मुरवलं तरी मसाल्यातले बहुतेक पदार्थ आत जात नाहीत. मीठ जातं. बाकीचं जवळजवळ सगळं वरच्या दोन-चार मिलिमीटरमध्ये राहतं. हे एकदा लक्षात आलं की काय आधी लावायचं, काय नंतर, किती वेळ ठेवायचं, हे सगळे प्रश्न सुटत जातात.

विदर्भात हे मटण आवडीनं खाणारी घरं भरपूर आहेत, गडचिरोलीच्या आदिवासी गावांपासून नागपूरच्या आसपासच्या वस्त्यांपर्यंत. पण त्यावर मराठीत धड लिहिलेलं फार कमी सापडतं. कोंबडी आणि बोकडाविषयी पानंच्या पानं मिळतात, डुकराविषयी मात्र लिहिणारे संकोचतात. त्यामुळे ज्यांच्या चुलीवर ते शिजतं, त्यांना परदेशी व्हिडिओंवर अवलंबून राहावं लागतं. तिथले तुकडे वेगळे, ओव्हन वेगळे, हवा वेगळी आणि डुक्करही वेगळं. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिला आहे.

आधी मटण कशाचं बनलंय ते पाहू

चरबी बाजूला काढली तर निव्वळ मटणात जवळजवळ ७० ते ७५ टक्के पाणीच असतं. उरलेल्यात मुख्य वाटा प्रथिनांचा. ही प्रथिनं बारीक धाग्यांसारखी एकमेकांना लागून बसलेली असतात आणि त्यांच्या फटींमध्ये पाणी धरलेलं असतं. आच लागली की धागे आकसतात आणि ते पाणी बाहेर पडतं. एक किलो मटण शिजल्यावर गंजात कमी का दिसतं, त्याचं कारण हेच.

धाग्यांचे जुडगे बांधून ठेवणारा एक चिवट भाग असतो, त्याला कोलॅजन म्हणतात. खांदा, मांडी आणि नळीजवळच्या मटणात तो जास्त असतो, पाठीच्या मटणात कमी. कोलॅजन मऊ करायला ओली आच आणि वेळ लागतो. मंद आचेवर, पाण्यात किंवा वाफेवर, तासा-दीड तासात तो विरघळून चिकट रस होतो. रश्श्याला जो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो, तो त्याचाच. खांद्याचं मटण मुरवून मऊ करण्याचा आटापिटा म्हणूनच वाया जातो. ते शिजूनच मऊ होतं.

तिसरी गोष्ट चरबी आणि कातडी. चरबीत पाणी जवळजवळ नसतंच आणि कातडी घट्ट विणीची असते. वरून लावलेलं काहीही या दोन्हींतून आत जायला कचरतं. गावठी डुकराच्या पाठीवर बोटभर चरबी असते. त्या बाजूनं कितीही मसाला चोळला तरी खालच्या मटणाला त्याचा पत्ता लागत नाही.

आत जातं ते मीठ

मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे कण अतिशय लहान होतात आणि मटणातल्या पाण्यातून हळूहळू आत सरकतात. पाऊस काळ्या जमिनीत मुरतो, पण वर पसरलेलं शेणखत नांगरल्याशिवाय खाली जात नाही, तसंच इथे आहे. मीठ पावसासारखं मुरतं. वाटलेला लसूण, तिखट, धणे-जिरे हे सगळं शेणखतासारखं वर पसरून राहतं.

मीठ आत गेल्यावर फक्त खारटपणा येतो असं नाही. त्यामुळे प्रथिनांचे धागे थोडे सैल होतात, फुगतात आणि जास्त पाणी धरून ठेवतात. आधी मीठ लावलेलं मटण शिजल्यावर रसरशीत लागतं ते यामुळेच. मुरवण्याचा सगळ्यात मोठा फायदा कुठला, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच.

वेग मात्र कमी असतो. फ्रिजच्या थंडीत मीठ दिवसभरात साधारण एखादा सेंटिमीटर आत जातं. आणि अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. दोन-अडीच सेंटिमीटरच्या रश्श्याच्या तुकड्यात मीठ सगळ्या बाजूंनी शिरतं, त्यामुळे एका रात्रीत तो आतपर्यंत खारवतो. अख्खी मांडी भाजायची असेल तर एक रात्र पुरत नाही, दोन-तीन दिवस आधी मीठ लावून थंडीत ठेवावं लागतं.

प्रमाण सोपं आहे. एक किलो मटणाला १५ ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे सपाट अडीच चमचे, चहाच्या चमच्यानं. हाडं जास्त असतील तर दोनच. रश्श्यात पुन्हा मीठ घालताना हे आधीचं मीठ विसरायचं नाही, एवढंच.

"मीठ आधी लावलं की मटणाला पाणी सुटतं आणि ते कोरडं होतं" ही तक्रार नेहमी ऐकू येते. पाणी सुटतं हे खरं. पहिल्या अर्ध्या तासात तुकडे ओले होतात, गंजाच्या तळाशी गुलाबी पाणी दिसतं. पण ते पाणी फेकून न देता तसंच राहू दिलं, तर तेच खारं पाणी पुढच्या काही तासांत बऱ्याच अंशी पुन्हा आत ओढलं जातं. म्हणून मीठ एक तर शिजवायच्या अगदी आधी लावावं, नाहीतर तासाभराहून बरंच आधी. मधल्या वेळात, पाणी वर साचलेलं असताना मटण तव्यावर किंवा निखाऱ्यावर टाकलं, तर ते भाजत नाही, उकडतं.

मग तिखट-मसाला लावायचाच कशाला?

लावायचाच. पण तो आत जाईल या आशेनं लावू नये. तुकड्याच्या वरच्या पातळ थराची चव आपल्या जिभेला सगळ्यात आधी लागते आणि त्या थरात मसाला भरपूर धरतो.

मसाला आत का जात नाही याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे त्यातले पदार्थ मिठाच्या कणांच्या मानानं मोठे. दुसरं जास्त महत्त्वाचं. मिरचीचा तिखटपणा, हळदीचा रंग, लसूण-धणे-दगडफुलाचा वास या सगळ्यांना पाण्याचं वावडं आहे, ते तेलात विरघळतात. आणि मटणात तर पाणीच पाणी. विदर्भातल्या कोणालाही याचा पुरावा दाखवायची गरज नाही. रश्श्यावर लाल तर्री तरंगते, तिच्यातच सगळा रंग आणि जहालपणा असतो, खालचं पाणी त्या मानानं फिकं. मसाल्याला चरबी हवी असते.

डुकराच्या मटणात ही सोय निसर्गानंच करून ठेवली आहे. मुरवायचा मसाला नुसत्या पाण्यात कालवू नका. दोन चमचे शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल घेऊन त्यात तिखट, हळद आणि कुटलेला मसाला भिजवा. त्याहून चांगलं म्हणजे त्याच मटणाच्या चरबीचे तुकडे आधी गंजात टाकून मंद आचेवर वितळवायचे आणि निघालेल्या तेलात वाटण परतायचं. भिवापूरची मिरची असेल तर तिचा रंग या चरबीत असा उतरतो की बाहेरून कुठलाही रंग घालायची गरज पडत नाही. वायगावची हळदही चरबीत परतली की कच्चा वास सोडते.

लसणाबद्दल एक बारकावा. लसणाचा झणका पाकळीत तयार नसतो. पाकळी ठेचली की तिच्यातले दोन पदार्थ एकत्र येतात आणि मग तो तयार होतो. आंबट पदार्थ या क्रियेला आडवा येतो. म्हणून लसूण आणि लिंबू एकत्र मिक्सरमध्ये फिरवण्याऐवजी आधी लसूण पाट्यावर ठेचावा, दहा मिनिटं तसाच ठेवावा, मग बाकीचं मिसळावं. वासातला फरक लगेच कळतो.

मसाला खोलवर पोचवायचाच असेल तर जमीन नांगरावी लागते. कातडीसकट मोठा तुकडा असेल तर कातडी आणि चरबीला सुरीनं तिरक्या चिरा द्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर, चरबी पार करून मटणाला नुसत्या टेकतील इतक्या खोल. चिरांमध्ये मसाला बोटानं दाबून भरा. "चिरा दिल्या तर रस निघून जातो" ही भीती फारशी खरी नाही. रस जातो तो आच जास्त झाल्यानं. चिरांमुळे पृष्ठभाग वाढतो, म्हणजे मसाला धरणारी जागा वाढते.

आंबट कधी आणि किती

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी मटण मऊ होतं असं सगळे सांगतात. ते अर्धं खरं आहे.

आंबटपणा मोजायचं माप म्हणजे सामू. साध्या पाण्याचा सामू ७ असतो, आकडा जितका खाली तितकं आंबट. ताज्या डुकराच्या मटणाचा सामू साधारण ५.५ ते ५.८ भरतो. दह्याचा ४.५ च्या आसपास, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. आता गंमत अशी की मटणातली प्रथिनं सगळ्यात कमी पाणी धरतात ती सामू ५ च्या जवळपास असताना. म्हणजे थोडंसं लिंबू पिळून ठेवलं तर मटण रसरशीत होण्याऐवजी उलट पाणी सोडतं. त्याहून खूप जास्त आंबट केलं तर धागे पुन्हा फुगतात, पण तोवर वरचा थर पांढरट आणि भुसभुशीत झालेला असतो. रात्रभर लिंबात ठेवलेला तुकडा चावताना खडूसारखा लागतो, तो यामुळे. आणि हा सगळा परिणाम वरच्या काही मिलिमीटरपुरताच.

म्हणून माझं सांगणं असं. तीव्र आंबट मुरवताना अगदी थोडं, तेही शेवटच्या तासा-दोन तासांत. खरी आंबट चव शिजत आल्यावर द्या. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात डुकराची पंदी करी प्रसिद्ध आहे. तिच्यात कचंपुळी नावाचा काळा, आटवलेला आंबट रस घालतात आणि तो बहुधा मटण शिजत आल्यावरच घालतात. गोव्यात ताडीच्या व्हिनेगरमध्ये मसाला वाटून डुकराला लावतात, हेही खरं. पण तिथे ते मटण नंतर सावकाश शिजतं, मुरतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाल्लं जातं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्या झटपट रश्श्याला पहिली जास्त मानवते.

विदर्भाकडे आंबटाची कमी नाही. आंबाडीचा पाला चिरून शेवटच्या पंधरा मिनिटांत रश्श्यात टाकला तर चरबीचा जडपणा असा कापला जातो की दुसरं काही लागत नाही. चिंचेचा कोळ, उन्हाळ्यात कैरी, भेद्रं म्हणजे टोमॅटो, सगळं चालतं. संत्र्यांचा हंगाम असेल तर रसापेक्षा सालाकडे लक्ष द्या. संत्र्याचा खरा वास सालीतल्या तेलात असतो आणि तेल चरबीत विरघळतं. सालीचा फक्त नारिंगी भाग किसून वाटणात घाला, आतलं पांढरं कडू असतं, ते सोडा. रस घातला तर त्यातल्या साखरेमुळे भाजताना रंग छान येतो, मात्र आच जास्त झाली की करपतोही लवकर. गुळाचंही तसंच.

दही हा मधला मार्ग आहे. त्याचा आंबटपणा सौम्य असतो, ते मसाल्याला तुकड्याशी धरून ठेवतं. चार-सहा तास दह्यात ठेवलेलं मटण बिघडत नाही.

आंबट घालायचं असेल तर जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) किंवा बिनकल्हईचं पितळी भांडं वापरू नका. आंबट त्या धातूला खातं आणि चवीत कळकटपणा उतरतो. स्टील, काच किंवा मातीचं भांडं बरं.

कच्च्या पपईचं काय?

परसातली कच्ची पपई किसून लावायची पद्धत जुनी आहे आणि ती काम करते. पपईच्या चिकात पपेन नावाचं एन्झाइम असतं. एन्झाइम म्हणजे एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. पपेन मटणातल्या प्रथिनांचे तुकडे करतं. अडचण दोन गोष्टींची. ते आत शिरत नाही, त्यामुळे वरचा थर चिकट लगदा होतो आणि गाभा तसाच राहतो. शिवाय ते गार असताना आळशी असतं आणि गरम होताना, ६०-७० अंशांच्या आसपास, सगळ्यात जोमानं काम करतं. म्हणून फ्रिजमध्ये "काहीच झालं नाही" असं वाटून जास्त वेळ ठेवलं की शिजताना एकदम तुकडा फुटतो.

एक किलोला एक मोठा चमचा कीस आणि तासभर, एवढंच पुरे. तेही पातळ तुकड्यांना आणि निखाऱ्यावर भाजायचं असेल तरच. रश्श्याला पपईची गरज नाही. अननसात आणि आल्यातही अशीच एन्झाइमं असतात, म्हणून आल्याचं वाटण जास्त घातलं असेल तर पपई टाळा.

"आमच्या आजीच्या हातचं तर आतपर्यंत लागायचं"

लागत असणारच, ते खोटं नाही. पण त्याचं श्रेय मुरवण्याला देण्याआधी ती बाकी काय करायची ते आठवून पाहा. तुकडे लहान असायचे. कातडी तणसाच्या जाळावर होरपळून, खरवडून घेतलेली असायची, तिचा धुराचा वास सगळ्या रश्श्याला लागायचा. चुलीवर मंद आचेवर दोन-दोन तास शिजायचं. आच लागून धागे मोकळे झाले की मटणाच्या फटींत रस्सा शिरतो, कोलॅजन विरघळून तो रस धरून ठेवतो, आणि तोंडात तुकडा-रस्सा एकत्रच येतात. शिवाय उरलेलं मटण सकाळी पुन्हा उकळलं जायचं आणि ते आणखी चवदार लागायचं. म्हणजे मसाला मटणात शिरला तो शिजताना आणि शिजल्यानंतर. कुकरच्या चार शिट्ट्यांत ते होत नाही. कुकर वापरायचाच असेल तर झाकण काढल्यावर अर्धा तास मंद आचेवर उघडं उकळू द्या.

"वास घालवायला तर मुरवतात ना?"

काही डुकरांच्या मटणाला लघवीसारखा किंवा शेणासारखा उग्र वास येतो. बहुतेक वेळा तो न खच्ची केलेल्या मोठ्या नराच्या मटणात असतो. नराच्या वृषणात तयार होणारं अँड्रोस्टेनोन आणि आतड्यात तयार होणारं स्कॅटोल ही त्याची दोन मुख्य कारणं. दोन्ही चरबीत साठतात. लिंबू, व्हिनेगर, मीठ यांनी पाण्यात विरघळणारं काहीतरी निघेल, चरबीतलं हे निघत नाही. कितीही मुरवलं तरी मसाल्याआडून वास डोकावतोच.

याचा इलाज गोठ्यात आहे, स्वयंपाकघरात नाही. पिल्लं लहान असताना नरांची खच्ची करणं, कत्तलीआधी काही दिवस डुक्कर स्वच्छ, कोरड्या जागी ठेवणं. विकत घेताना चरबीचा छोटा तुकडा तव्यावर गरम करून हुंगा, वास असेल तर लगेच कळेल. घरी आणून मग कळलं तर चरबी काढून टाका, थोडं उकळून पहिलं पाणी फेका. पूर्ण जाणार नाही, पण बराच फरक पडतो.

मे महिन्यात रात्रभर मुरवायचं?

फ्रिज नसेल तर नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, रात्रीही घर तापलेलं असतं. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान मटणावरचे जिवाणू वाढतात आणि उबदार हवेत काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. बाहेरची हवा ३२ अंशांच्या वर असेल तर कच्चं मटण एका तासाहून जास्त उघड्यावर ठेवू नये, हा नियम जगभर सांगितला जातो. हळद, मीठ आणि लिंबू लावलंय म्हणून ही मुदत वाढत नाही. हळदीचा गुण आहे, पण किलोभर मटणाला लावलेल्या चमचाभर हळदीनं उन्हाळ्यातली रात्र निभावत नाही.

वीज रात्रीतून जात-येत असेल तर फ्रिजवरही भरवसा ठेवू नका. अशा घरांसाठी रीत सोपी. सकाळी मटण आणा, तुकडे लहान करा, मीठ-हळद चोळून सावलीत जास्तीत जास्त तासभर ठेवा आणि चुलीवर चढवा. लहान तुकड्यांत तेवढ्या वेळात मीठ थोडं शिरतं आणि बाकीचं काम मंद आच करते. रात्रभर मुरवलेल्यापेक्षा ते फार कमी उतरत नाही, खरंच.

मुरवलं म्हणजे जंतू मेले का?

हा भाग घाईत वाचू नका. डुकराच्या मटणात कधी कधी तांदळाच्या किंवा ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढरट गाठी दिसतात. ती पट्टकृमीची पिल्लं असतात. असं मटण घेऊच नये. मीठ, मसाला, लिंबू यांच्यात रात्रभर ठेवल्यानं ही पिल्लं खात्रीनं मरतात असं समजू नका. पूर्ण शिजल्यावर मात्र मरतात. असं मटण कच्चं राहिलं आणि पोटात गेलं तर आतड्यात पट्टकृमी वाढतो.

पुढची साखळी बहुतेकांना माहीत नसते. ज्याच्या पोटात पट्टकृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती अंडी न धुतलेल्या हातांमार्फत, पाण्यातून किंवा पालेभाजीवरून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर त्यांची पिल्लं रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात आणि फिट येऊ लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, हा रोग पसरलेल्या अनेक भागांत अपस्माराच्या जवळजवळ ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असतं. डुक्कर कधीच न खाणाऱ्यांनाही तो होतो, कारण तो अंड्यांमधून येतो. म्हणून डुक्कर खाणाऱ्यांना नावं ठेवण्यापेक्षा डुकरं बंदिस्त पाळणं, उघड्यावर शौच बंद होणं आणि हात-भाज्या स्वच्छ धुणं हे सगळ्या गावाच्या कामाचं आहे.

शिजवण्याचा आकडा लक्षात ठेवा. मोठा तुकडा आतून किमान ६३ अंश व्हायला हवा आणि त्यानंतर तीन मिनिटं तसाच ठेवायला हवा. खिमा असेल तर ७१ अंश. रश्श्यात तासभर खदखदणाऱ्या मटणाची चिंता नाही, ते याच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. धोका निखाऱ्यावरच्या मटणात आहे, कारण वरून काळं झालेलं असतं आणि आतून कोमट. रंगावरून नेमकं कळत नाही. घरात थर्मामीटर नसेल तर जाड तुकडे आधी मिठाच्या पाण्यात शिजवून घ्या आणि मग मसाला लावून भाजा. यात चवीचं नुकसान नाही, उलट शिजलेल्या तुकड्याच्या मोकळ्या धाग्यांवर मसाला जास्त धरतो. भाजण्याआधी जादा ओलावा पुसून घ्या, वरचा भाग कोरडा असला तरच खरपूस होतो.

रानडुकराबद्दलही सांगायला हवं. पिकांचा तो वैरी आहे हे मान्य, पण परवानगीशिवाय त्याची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. त्याच्या मटणात ट्रिकिनेला नावाचा कृमी असण्याचा धोकाही वेगळा.

एक किलोचा हिशोब

खांद्याचं, थोड्या चरबीसह एक किलो मटण घ्या. १५ ग्रॅम मीठ आणि अर्धा चमचा हळद चोळा. फ्रिज असेल तर रात्रभर, नसेल तर तासभर. पंधरा-वीस लसणाच्या पाकळ्या ठेचून बाजूला ठेवा, मग त्यात बोटभर आलं, मूठभर सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या, दोन-अडीच चमचे तिखट, भाजलेले धणे-जिरे आणि थोडं दगडफूल वाटा. हे वाटण दोन चमचे तेलात कालवून शिजवायच्या तासभर आधी लावा. गंजात चरबीचे तुकडे वितळवा, कांदा परता, मग मटण टाकून मोठ्या आचेवर सगळ्या बाजूंनी रंग येऊ द्या. गरम पाणी घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर सव्वा-दीड तास शिजवा. भाजलेल्या खोबऱ्याचं आणि खसखशीचं वाटण मधेच घाला. आंबाडी किंवा चिंचेचा कोळ शेवटच्या पंधरा मिनिटांत. आच बंद केल्यावर अर्धा तास तसंच ठेवून मग वाढा.

उरलेल्या मसाल्याचं आणि पाण्याचं

मुरवलेल्या भांड्यातला उरलेला मसाला कच्च्या मटणाच्या पाण्यात भिजलेला असतो. तो वरून ओतून खाऊ नये, रश्श्यात टाकून खळखळून उकळू द्यावा. दुसऱ्या मटणाला तो पुन्हा लावू नये. ज्या पाटीवर कच्चं मटण कापलं तिच्यावर लगेच कांदा किंवा कोशिंबीर चिरू नका.

आणि घरी डुकरं पाळत असाल तर धुतलेलं पाणी, कातडीचे कच्चे तुकडे त्यांच्या कुंडीत टाकू नका. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग भारतात पहिल्यांदा आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचे कळप संपवतो, आणि त्याचा विषाणू कच्च्या मटणात बराच काळ टिकतो. विकत आणलेल्या मटणाच्या उष्ट्यातून तो गोठ्यात येऊ शकतो. असे तुकडे खड्ड्यात पुरा, वर चुना टाका, आणि डुकरांना हात लावण्याआधी हात साबणानं धुवा.